इंगवाल्डच्या मयतीचं सॉड

हाल्फदानच्या मयतीच्या जेवणात जे सॉड वाढलं, त्यात गाजरं होती. बाजूच्या ताटलीत बटाट्यांसोबत वेगळी उकडून ठेवलेली नव्हेत, तर चक्क रश्श्यातच पोहत होती. बोर्गनीने ती पाहिली आणि आधी नवऱ्याकडे पाहिलं. इंगवाल्डने चमचा खाली ठेवला होता. दोन्ही हात मांडीवर घेऊन तो वाडग्यात असा बघत होता, की जणू हाल्फदान चर्चच्या आवारात नाही, त्या वाडग्यातच पुरलेला आहे.

"खा," बोर्गनी हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. हाल्फदानला कळलं असतं तर तो मेलाच नसता."

इंदरॉयमध्ये, म्हणजे त्रोन्हाइमच्या उत्तरेला फ्योर्डच्या त्या वळणावर, लग्न असो, मुलांची चर्चमधली दीक्षा असो की मयत, पानात सॉडच पडतं. मेंढीच्या मांसाचे लहान तुकडे, बोराएवढे खिम्याचे गोळे आणि वर चरबीचे सोनेरी डोळे तरंगणारा नितळ रस्सा. सोबत गोडसर, कुरकुरीत पातळ भाकरी. भाज्या वेगळ्या. त्याला कुणी सूप म्हटलं की तिथली माणसं अगदी शांतपणे, पण दर वेळी, चूक सुधारतात. इंगवाल्डचं म्हणणं होतं, सूप आजाऱ्याला देतात, सॉड माणसाला.

हाल्फदानच्या मुलांनी शहरातून तयार जेवण मागवलं होतं. गोळे अक्रोडाएवढे होते. कॉफीच्या वेळी लोक उठून उठून हाल्फदानबद्दल चांगलं बोलले, पण बाहेर गाड्यांपाशी येऊन जो तो एकच बोलत होता. बिचारा हाल्फदान. अख्खं आयुष्य सरळ वागला, आणि शेवटी हे पानात.

"माझ्या मयतीला असलं चालणार नाही," गाडी सुरू करता करता इंगवाल्ड म्हणाला.

"तू तेव्हा जमिनीखाली असशील."

"म्हणूनच तर. वर येऊन सांगता थोडंच येणार आहे?"

हे बोलणं तेवढ्यावरच राहिलं असतं. पण पंधरा दिवसांनी दवाखान्यातली तरुण डॉक्टरीणबाई त्याच्या छातीचे कागद बघून म्हणाली, की हृदय थकलंय, जपायला हवं, वर्ष जाईल, दोन जातील, दहाही जातील, नक्की कुणी सांगावं. घरी येईपर्यंत इंगवाल्डने त्यातलं एक वर्ष तेवढं लक्षात ठेवलं होतं. तो अठ्ठ्याहत्तरचा होता. जेवणाच्या टेबलाशी बसून त्याने कॅलेंडर काढलं आणि मेंढ्या डोंगरावरून कधी उतरतात ते पाहिलं.

"मी माझं सॉड स्वतः करून ठेवतो," तो म्हणाला.

"म्हणजे कुठे ठेवतोस?"

"तळघरात फ्रीझर आहे ना."

"त्यात माझी बोरं आहेत."

"बोर्गनी," तो तिचा हात हातात घेऊन म्हणाला, आणि असा हात त्याने बऱ्याच वर्षांत घेतला नव्हता, "तू विधवा होणार आहेस. बोरांचं काय घेऊन बसलीस?"

बोर्गनीने लाल बोरांच्या आणि डोंगरी बोरांच्या पिशव्या टोपलीत भरल्या आणि शेजारच्या माग्नहिल्डकडे नेऊन ठेवल्या. माग्नहिल्ड महिला मंडळाची अध्यक्ष, उंच, सरळ कण्याची बाई, गावात कुणाकडे काय शिजतंय ते तिला घरमालकिणीच्या आधी ठाऊक असायचं. "फ्रीझर बिघडला?" तिने विचारलं. "नाही," बोर्गनी म्हणाली, "इंगवाल्ड मरायची तयारी करतोय." "अस्सं," माग्नहिल्ड म्हणाली, आणि पिशव्यांना जागा करून दिली.

ऑक्टोबरमध्ये दोन मेंढे कापले. दोन दिवस स्वयंपाकघर इंगवाल्डच्या ताब्यात होतं. मांस मंद आचेवर, फेस येईल तसा काढायचा, रस्सा कापडातून गाळायचा. खिमा सहा वेळा यंत्रातून फिरवायचा, मग त्यात गार दूध थेंबाथेंबाने सोडत हाताने फेटायचा, म्हणजे गोळा तोंडात विरघळतो. जायफळ आणि सुंठ किती, हे तो कुणाला सांगत नसे. बोर्गनीला फक्त भांडी घासायची मुभा होती. नव्वद माणसांचं सॉड झाकणाच्या बादल्यांतून फ्रीझरमध्ये गेलं. प्रत्येक बादलीवर त्याने पट्टी चिकटवली: मयत. हात लावू नये.

मग तो मरायची वाट पाहू लागला.

ख्रिसमस गेला. ईस्टर गेला. आपल्या मागे बायकोला अडचण नको, म्हणून त्याने दोन हिवाळ्यांची लाकडं फोडून रचली, छपराच्या फळ्या बदलल्या, रोज चर्चपर्यंत पायी जाऊन आपली कबरीची जागा कोरडी आहे की नाही ते बघून येऊ लागला. जूनमध्ये डॉक्टरीणबाईने पुन्हा तपासलं आणि विचारलं, की तुम्ही नेमकं काय करताय, कारण हे आकडे पन्नाशीच्या माणसाचे वाटतायत.

"तयारी," इंगवाल्ड म्हणाला.

ऑगस्टमध्ये त्याच्या लक्षात आलं की मेंढीची चरबी फ्रीझरमध्येसुद्धा वर्षभरानंतर खवट होते. खवट सॉड मयतीला वाढायचं म्हणजे हाल्फदानच्याही खाली जायचं. ते संपवायला हवं होतं. नव्वद माणसांचं, आणि घरात माणसं दोन. पाच दिवस त्यांनी दुपारी सॉड खाल्लं आणि संध्याकाळीही सॉड खाल्लं. सहाव्या दिवशी बोर्गनीने चमचा टेबलावर आपटला.

"लोकांना बोलाव, नाहीतर मी तुझ्या आधी मरते. मग हे माझ्या मयतीला वाढ."

"तुझ्या मयतीला का? हे माझं आहे," इंगवाल्ड म्हणाला, पण महिला मंडळाचा हॉल त्याने सांगून ठेवला.

सप्टेंबरचा पहिला रविवार. निमंत्रण कसं द्यायचं हे कुणालाच कळेना, कारण वाढदिवस नव्हता, लग्न नव्हतं, आणि माणूस तर दारात उभा राहून सगळ्यांचे हात हातात घेत होता. निम्मे लोक खबरदारी म्हणून काळे कपडे घालून आले. सॉड मात्र असं होतं की पहिल्या चमच्याला हॉल गप्प झाला. दुसऱ्या वाडग्यापर्यंत कुणी बोललं नाही. ताटल्या रिकाम्या झाल्या, कॉफी आली, आणि मग सवय जिंकली. त्या हॉलमध्ये सॉडनंतर कॉफी आली की कुणीतरी उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतं. चर्चच्या गायकमंडळीतला कोल्बयॉर्न उठला, चमच्याने कप वाजवला आणि म्हणाला,

"इंगवाल्ड चांगला शेजारी होता."

"आहे," इंगवाल्ड म्हणाला.

"आहे. बासष्ट साली माझा ट्रॅक्टर ओढ्यात गेला, तेव्हा तो..."

"त्रेसष्ट."

"त्रेसष्ट साली. तेव्हा तो आपले दोन घोडे घेऊन आला. दिवंगताने..." इथे कोल्बयॉर्न थांबला, इंगवाल्डकडे पाहिलं, आणि हॉलमध्ये असा हशा पिकला, की चर्चच्या वाटेवरून जाणारे लोक थांबले. पुढे आणखी चौघं बोलले. इंगवाल्ड मधे मधे तारखा दुरुस्त करत राहिला. घरी येताना तो गाडीत गुणगुणत होता.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा मेंढे कापले. बादल्यांवर नव्या पट्ट्या लागल्या.

तेव्हापासून रीतच पडली. सप्टेंबरचा पहिला रविवार म्हणजे इंगवाल्डची मयत. लोक वर्षभर आधी विचारायचे, "मयतीला काही आणू का?" तिसऱ्या वर्षी नवी पाद्रीबाई आली, हाइके, मूळची जर्मनीची, फार मनमिळाऊ. तिने दोन वाडगे खाल्ले, तोंड पुसलं आणि मोठ्याने म्हणाली, "किती सुंदर सूप!" अर्धं मिनिट कुणी श्वास घेतला नाही. मग पाच-सहा जण एकदम, अगदी प्रेमाने म्हणाले, "सूप नव्हे, पाद्रीबाई." ती दरवर्षी विसरायची आणि दरवर्षी हे व्हायचं.

चौथ्या वर्षाच्या हिवाळ्यात कोल्बयॉर्न गेला. बिचारा चार वेळा इंगवाल्डच्या मयतीला जेवला होता. त्याच्या स्वतःच्या मयतीचं सॉड त्याच्या बहिणीने केलं होतं, वाईट नव्हतं. पण लोक एकमेकांकडे बघून म्हणाले, इंगवाल्डच्या मयतीची सर नाही. बहिणीने ते ऐकलं, आणि त्या वर्षी ती इंगवाल्डकडे आली नाही.

या सगळ्यात बोर्गनीचं काय चाललं होतं, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिने सांगितलंही नसतं. ती मुळात इथली नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुन्मोरची. तेवीस वर्षांची असताना इथल्या दूधडेअरीत कामाला आली, पुढच्याच वर्षी इंगवाल्डशी लग्न केलं आणि राहिली. पन्नास वर्षं झाली तरी बायका तिची ओळख "ती सुन्मोरची" अशीच करून द्यायच्या. तिच्या आईकडे सणाला जे शिजायचं, त्यात खारवलेलं मांस, जव, गाजर, सलगम, कोबी, कांद्याची पात, सगळं एकाच मोठ्या भांड्यात जायचं आणि तासन् तास एकमेकांची चव घेत शिजायचं. नवी नवरी असताना तिने ते एकदा केलं होतं. इंगवाल्डने संपूर्ण वाडगा खाल्ला, मग विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?"

त्यानंतर ती ते फक्त तो मेंढ्या गोळा करायला डोंगरावर गेला की करायची. खिडकीशी बसून एकटीच खायची. अपराधी वाटायचं नाही. उलट वर्षातल्या त्या तीन दुपारी तिच्या स्वतःच्या असायच्या.

सहाव्या मयतीहून परत येताना इंगवाल्ड गुणगुणला नाही. घरी येऊन कोट न काढताच तो खुर्चीत बसला.

"किती जण बोलले?" त्याने विचारलं.

"सात."

"काय बोलले?"

"चांगलंच बोलले की."

"कशाबद्दल?"

बोर्गनीने आठवून पाहिलं. इंगवाल्डचा जुना सोबती ओद्दवार बोलला होता की गोळे या वर्षी गेल्या वर्षीपेक्षाही हलके झालेत. शाळेची जुनी मुख्याध्यापिका रश्श्याच्या रंगावर बोलली. एकाने चरबीच्या डोळ्यांवर कविता केली होती. कुणीतरी मेंढ्यांच्या चाऱ्याचा विषय काढला होता.

"सॉडबद्दल," ती म्हणाली.

"सातही जण?"

"सातही जण."

"म्हणजे मी उद्या खरोखर मेलो," इंगवाल्ड सावकाश म्हणाला, "तर हे लोक उठून उठून जायफळाबद्दल बोलतील."

"तूच तर ते इतकं चांगलं करतोस."

तिने ते सांत्वन म्हणून म्हटलं होतं. पण तो तिच्याकडे असा पाहायला लागला की तिला गंमत वाटली आणि कीवही आली. सहा वर्षं ज्या कामासाठी हा माणूस जिवंत राहिला, ते इतकं जमलं होतं की त्यात त्याची स्वतःची जागा उरली नव्हती.

"त्यांनी काय बोलावं असं वाटतं तुला?" तिने विचारलं.

"ते मी कसं सांगू?" तो म्हणाला. "मला माहीत असतं तर त्यांनी सांगायची काय गरज?"

त्या ऑक्टोबरमध्ये भांडी घ्यायला म्हणून बोर्गनी स्वयंपाकघराच्या दाराशी आली, तर इंगवाल्ड रश्श्याच्या भांड्यासमोर उभा होता. हातात दोन सोललेली गाजरं. भांड्यातून वाफ निघत होती, चष्म्यावर धुकं जमलं होतं. तो हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. दहाएक मिनिटं हा प्रकार चालला. शेवटी त्याने खिडकी उघडली आणि गाजरं कुंपणापाशी उभ्या असलेल्या मेंढीला टाकली.

"नाही जमत," तो पाठ न वळवता म्हणाला. तिने पाहिलंय हे त्याला कळलं होतं.

"नको करूस मग," बोर्गनी म्हणाली.

सातवी मयत झाली, आणि तो दिवसही छान गेला. लोक पुन्हा सॉडबद्दलच बोलले. इंगवाल्डने कुठलीही तारीख दुरुस्त केली नाही, कारण तारखाच कुणी सांगितल्या नाहीत. त्याने सगळ्यांना दुसऱ्यांदा वाढलं. बादल्या घासून सोमवारी कुंपणाच्या खांबांवर पालथ्या घातल्या. मेंढ्या उतरायला अजून तीन आठवडे होते, आणि फ्रीझर रिकामा होता.

गुरुवारी सकाळी इंगवाल्ड ओसरीतल्या बाकावर बूट घालायला बसला आणि उठलाच नाही. बोर्गनी कॉफी घेऊन आली तेव्हा त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. डोळे उघडे होते, चेहऱ्यावर जरासा वैताग, लेस तुटल्यावर असतो तसा. ती त्याच्या शेजारी बसली. कॉफीचा कप हातात तसाच धरून ती बराच वेळ बसून राहिली, आणि मग, का कोण जाणे, तिने त्याच्या हातातला बूट सोडवून घेऊन त्याच्या पायात घातला, लेस नीट बांधली. त्यानंतर मुलीला फोन केला.

मुलगी उन्नी बेर्गनहून दुसऱ्या दिवशी पोहोचली. रडून झाल्यावर तळघरात गेली आणि उतरलेल्या चेहऱ्याने वर आली.

"आई, फ्रीझर रिकामा आहे."

"रविवारी संपलं."

"सात वर्षं! सात वर्षं तो भरलेला होता!"

"वर्षातले तीन-चार आठवडे नसायचा," बोर्गनी म्हणाली. "त्याने नेमके तेच गाठले."

उन्नी हसायला लागली, मग हसता हसता पुन्हा रडली. बोर्गनीने तिला जवळ घेतलं. तिला स्वतःला अजून रडू आलं नव्हतं. तिला फक्त एवढंच वाटत होतं, की हे त्याला सांगायला हवं होतं. त्याला याचा जितका संताप आला असता, तितका दुसऱ्या कुणालाही येणं शक्य नव्हतं.

शनिवारी माग्नहिल्ड आली, सोबत मंडळाच्या दोघी, त्यांतली एक कोल्बयॉर्नची बहीण. त्या स्वयंपाकघरात बसल्या आणि म्हणाल्या, काळजी करू नकोस, सॉड आम्ही बघतो.

"त्याचं प्रमाण आहे कुठे लिहिलेलं?" माग्नहिल्डने विचारलं.

"कुठेच नाही. त्याच्या हातात होतं."

"मग माझ्या आईचं करू. सुंठ जास्त, जायफळ नावाला."

"इंगवाल्डला सुंठ जास्त?" कोल्बयॉर्नची बहीण म्हणाली. "तो कबरीतून उठेल. जायफळच घालायचं, आणि गोळ्यांत गाईचं मांस थोडं जास्त."

"तुझे गोळे घट्ट होतात, हे मयताच्या घरी बोलायला नको, पण होतात."

"माझे गोळे? कोल्बयॉर्नच्या मयतीला तू तीन वाडगे खाल्लेस, मी मोजलेत!"

"दुःखात भूक लागते," माग्नहिल्ड म्हणाली.

तिसरी बाई मध्ये पडून म्हणाली, की मरणाऱ्याला कुठलं सॉड कमीत कमी खटकलं असतं ते बघावं, आणि मग तिघी याच्यावर वाद घालायला लागल्या. बोर्गनी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. तो जाऊन दोनच दिवस झाले होते, आणि तिच्या स्वयंपाकघरात तिघी भल्या बायका अर्धा तास जायफळाबद्दल बोलत होत्या.

"सॉड होणार नाही," ती म्हणाली.

तिघी तिच्याकडे वळल्या.

"मी सूप करणार आहे. आमच्याकडचं. भाज्या घालून."

"भाज्या," माग्नहिल्ड म्हणाली, "बाजूला?"

"आत."

शवपेटी खाली पडली असती तरी इतकी शांतता झाली नसती. उन्नी दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, "आई, लोक बोलतील."

"बोलू देत. सात वर्षं एकाच विषयावर बोलतायत, जरा विषय तरी बदलेल."

"बोर्गनी, तू दुःखात आहेस," कोल्बयॉर्नची बहीण म्हणाली.

"आहेच," बोर्गनी म्हणाली, "आणि माझी बोरंही सात वर्षं माग्नहिल्डच्या घरी आहेत. ती मात्र आता परत आणा."

मयतीच्या दिवशी, बुधवारी, ती पहाटे उठली. खारवलेलं मांस तिने रात्रीच पाण्यात घातलं होतं. सलगम सोलले, गाजरं कापली, जव धुतले. मोठी भांडी मंडळाच्या हॉलमधून आणवली. कोबी कापायला उन्नी बसली. पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात कुणी बोर्गनीला भांडी घासायला बाजूला हो म्हटलं नाही. मध्येच तिच्या हातातून डाव सुटला आणि ती खुर्चीत बसली आणि तेव्हा कुठे रडली, जोरात, अगदी लहान मुलीसारखी. उन्नीने आच कमी केली आणि शेजारी बसून राहिली. मग दोघी उठल्या, कारण कांद्याची पात शेवटी घालायची होती.

चर्चमध्ये बाक कमी पडले. कबरीची जागा खरंच कोरडी निघाली, त्याने इतक्या वर्षांत ती चालून चालून पक्की करून ठेवलेली. नंतर सगळे हॉलमध्ये आले, बसले, आणि वाडगे पुढे आले.

बोर्गनी दाराशी उभी राहून बघत होती. लोक वाडग्यात वाकून बघत होते, पण कुणी चमचा ठेवून दिला नाही. त्या हॉलमध्ये असा प्रसंग पूर्वी आलाच नव्हता. सॉड असतं, तर प्रत्येकाला आपल्या आईचं, आजीचं, गेल्या वर्षीचं आठवलं असतं, आणि मग तुलना आली असती. याची तुलना कशाशी करायची हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ओद्दवारने एक चमचा खाल्ला, मान हलवली, दुसरा खाल्ला. शाळेच्या मुख्याध्यापिकेने सलगमचा तुकडा चमच्यावर घेऊन बारकाईने पाहिला आणि तोंडात टाकला.

"किती सुंदर सूप!" पाद्रीबाई हाइके म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तोंडं उघडली. आणि मग एकेक करून बंद झाली, कारण यावेळी दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

खाणं झालं. कॉफी आली. नेहमीची चार वाक्यं सुचेनात म्हणून पहिली पाच मिनिटं लोक कपातली साखर ढवळत राहिले. मग ओद्दवार उठला.

"इंगवाल्ड," तो म्हणाला आणि थांबला. "इंगवाल्ड भित्रा होता. हे कुणाला माहीत नाही. एकदा समुद्रावर मासे पकडायला आम्ही गेलो, तर लाटांना घाबरून त्याने होडीत तळाशी झोपून 'आमच्या स्वर्गातल्या बापा'ची प्रार्थना सुरू केली. मधलं विसरला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा. मी कुणाला सांगितलं तर माझी होडी जाळीन म्हणाला. मी चव्वेचाळीस वर्षं सांगितलं नाही."

हॉल हसायला लागला. उन्नी तोंडाला रुमाल लावून हसत होती. त्याच्यामागून मुख्याध्यापिका उठली आणि म्हणाली, की शाळेच्या छपराचं काम करायला तो आला, तेव्हा दोन दिवस जास्त थांबला, कारण वर्गात ती मुलांना नकाशा शिकवत होती आणि त्याला शेवटपर्यंत ऐकायचं होतं. छपरावर उलटा पडून तो खिडकीतून ऐकत होता. मेंढ्या राखणाऱ्या एका माणसाने सांगितलं, की आपल्या एका आजारी मेंढीसाठी इंगवाल्ड तिच्यासोबत गोठ्यात आठ दिवस झोपला, आणि मेंढी बरी झाल्यावर तिला कापायला नकार दिला. ती म्हातारी होऊन मेली. एकाने त्याच्या गाण्याची नक्कल केली. एक जण रागाने बोलला, की कुंपणाची रेषा इंगवाल्डने त्याच्या बाजूला दीड हात सरकवली होती, आणि ते आज बोलायलाच हवं. कुणी त्याला थांबवलं नाही. सूर्य खिडक्यांच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेला आणि लोक उठत राहिले, बसत राहिले. सूप कुणाच्याही भाषणात आलं नाही. बोर्गनीला त्याचं जरासं वाईट वाटलं, अगदी जरासं.

चांगलं-वाईट मिळून बरंच होतं, आणि त्यातलं निम्मं तिला ठाऊक नव्हतं. भित्रा, नकाशा ऐकणारा, मेंढीपाशी झोपणारा. तिला वाटलं, हे ऐकायला तो इथे हवा होता. मग वाटलं, नसलेलाच बरा. तो असता, तर तिघांच्याही तारखा दुरुस्त केल्या असत्या.

शेवटी माग्नहिल्ड उठली. ती उठली की हॉल आपोआप सरळ बसायचा.

"एवढं सगळं निघालंच आहे," ती म्हणाली, "तर मीही सांगून टाकते. इंगवाल्डने मला लग्नाचं विचारलं होतं. बोर्गनीच्या आधी. याच हॉलमध्ये, कापणीच्या नाचाला."

हॉलमध्ये कुणीतरी कप बशीवर ठेवला तो खण्ण वाजला.

"मी नाही म्हटलं. कारण सबंध वॉल्ट्झभर तो मला सांगत होता, की माझ्या आईच्या सॉडमधले गोळे थोडे मोठे होतात."

पहिल्यांदा कोल्बयॉर्नची बहीण हसली, आणि मग सगळा हॉल. माग्नहिल्ड मात्र हसली नाही. ती बोर्गनीकडे बघत होती. त्या सरळ कण्याच्या बाईच्या चेहऱ्यावर बोर्गनीने इतक्या वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं, संकोच की काय. लग्नाच्या आधी बोर्गनीने इंगवाल्डला विचारलं होतं, इथल्या इतक्या मुली सोडून मीच का? तेव्हा तो म्हणाला होता, की त्याने दुसऱ्या कुणाकडे कधी पाहिलंच नाही. त्रेपन्न वर्षं ते तिने खरं मानलं होतं. ते तिला फार लागलं असं नाही, पण लागलं. आणि त्याच वेळी तिला हेही कळलं, की असं खोटं बोलायला त्या भित्र्या माणसाला बरंच धाडस करावं लागलं असेल.

ती मोठ्या भांड्यापाशी गेली. तळाशी थोडं उरलं होतं, जव आणि सलगमचे तुकडे. तिने एक वाडगा भरला आणि तो घेऊन माग्नहिल्डच्या टेबलाशी आली, शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

"मला आता भूक नाही गं," माग्नहिल्ड म्हणाली.

"खा," बोर्गनी म्हणाली. "आणि सगळं सांग. त्याने कोणता कोट घातला होता, तिथून सुरू कर."